सोलापूरवरनं सिंगापूरला: पॅकेज टूर न घेता बंदराचं शहर कसं बघायचं, सगळं सविस्तर

सिंगापूरचं पॅकेज कुठल्याही ट्रॅव्हल एजंटकडं घ्या, आत तेच असतं. युनिव्हर्सल स्टुडिओ, मर्लायन म्हणजे सिंहाच्या तोंडाच्या माशाच्या पुतळ्यापुढं फोटो, नाईट सफारी, मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानात दोन तास सोडतात आणि रात्री पनीर बटर मसाला. वाईट नाही ओ, पोरांना मजा येते, म्हाताऱ्या माणसांना बसनं फिरवतात. पण ते अख्खं शहर उभं राहिलंय बंदरामुळं, जगात शांघायच्या खालोखाल दोन नंबरचं कंटेनर बंदर आहे ते, 2024 साली वीस फुटी मापानं 4 कोटी 11 लाख कंटेनर तिथनं हलले, आणि पॅकेजवाला माणूस घरी परत येतो तेव्हा त्यानं एक जहाज पण धड बघितलेलं नसतं.

आपल्याला सोलापूरकरांना समुद्र कुठं आहे, पाणी म्हटलं की हिप्परगा तलाव नाहीतर उजनीचं बॅकवॉटर. म्हणून मी तर म्हणतो आपण जायचं तर बंदर बघायलाच जायचं, बाकीचं वाटेत होतंय. आणि स्वतःहून करायला हे शहर एवढं सोपं आहे की पहिल्यांदा परदेशात जाणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी. खाली सगळं क्रमानं लिहितोय, पाच दिवस धरून.

कधी जायचं

सिंगापूर विषुववृत्ताच्या जरा वर आहे, त्यामुळं उन्हाळा-हिवाळा असं काही नाही, वर्षभर 31-32 डिग्री आणि कधीही पाऊस. आपल्याला 43-44 ची सवय असल्यामुळं 32 ऐकून हसू येतं, पण तिथली हवा दमट आहे, दहा मिनिटं चाललं की शर्ट पाठीला चिकटतो. सुती कपडे न्या. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त. फेब्रुवारी-मार्च त्यातल्या त्यात बरे, मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तरी काही बिघडत नाही.

दोन गोष्टी मात्र तिकीट काढायच्या आधी तपासा. एक, चिनी नववर्ष, जानेवारी शेवट ते फेब्रुवारी मध्यात कधीतरी येतं, त्या दोन-तीन दिवसांत खायचे बरेच स्टॉल बंद असतात. दुसरं, फॉर्म्युला वनची रेस, ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला मरीना बेच्या रस्त्यांवरच होते, रस्ते बंद आणि हॉटेलचे रेट आभाळाला. दिवाळीत गेलात तर लिटल इंडिया या भारतीय वस्तीत लाइटिंग बघायला मिळतं, पण दिवाळीत घर सोडून कोण जातंय, ज्याची त्याची हौस.

पासपोर्ट, व्हिसा आणि अरायव्हल कार्ड

पासपोर्ट पोहोचायच्या तारखेपासून कमीत कमी सहा महिने चालू पाहिजे. हे पहिलं बघा, कारण मुदत संपत आलेला पासपोर्ट घेऊन तिकीट काढणारे लोक दर सीझनला भेटतात.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, पासपोर्टवर शिक्का-बिक्का काही नाही, पीडीएफ येते. पण तो आपण घरबसल्या थेट काढू शकत नाही, सिंगापूरच्या वकिलातीनं नेमलेल्या अधिकृत एजंटमार्फतच अर्ज जातो. सोलापुरातला तुमचा ट्रॅव्हलवाला पण तो पुढं मुंबईच्या अधिकृत एजंटकडंच पाठवतो. सरकारी फी 30 सिंगापूर डॉलर, ती परत मिळत नाही, बाकी एजंट जे लावतो ते त्याचं सर्व्हिस चार्ज, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. लागतं काय तर फॉर्म 14 ए, पांढऱ्या बॅकग्राउंडचा 35 बाय 45 मिलिमीटरचा फोटो, पासपोर्टची कॉपी, जायचं-यायचं तिकीट, हॉटेल बुकिंग, आणि काही एजंट बँक स्टेटमेंट मागतात. साधारण आठवडाभरात येतो, पण मी म्हणेन महिनाभर आधी टाका. हॉटेल फ्री कॅन्सलेशनवालं बुक करा म्हणजे व्हिसा अडला तर पैसे अडकत नाहीत.

मग आहे अरायव्हल कार्ड. हे पोहोचायच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं, त्याआधी भरताच येत नाही. आणि हे फुकट आहे! गुगलवर शोधलं की वर ज्या वेबसाइट येतात त्यातल्या काही पैसे मागतात, दिसायला सरकारी वाटतात पण नसतात. सिंगापूर इमिग्रेशनची साइट किंवा त्यांचं मायआयसीए ॲप, बस. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं भरायचं, ग्रुपचं एकत्र पण भरता येतं. तिथं पोहोचल्यावर मशीनमध्ये पासपोर्ट ठेवायचा, बोट-चेहरा स्कॅन, आणि किती दिवस राहता येईल ते ईमेलवर येतं.

सोलापूर ते चांगी विमानतळ

मुंबईवरनं थेट विमान साडेपाच तासांचं आहे. सिंगापूर एअरलाइन्स, एअर इंडिया, इंडिगो. क्वालालंपूर किंवा बँकॉकवरनं बदलून जाणारं स्वस्त दिसतं, पण घरच्यांना घेऊन पहिल्यांदा जात असाल तर थेटच घ्या, चार-पाच हजार वाचवायला मध्येच सहा तास खुर्चीवर बसून काढण्यात अर्थ नाही.

विमान रात्रीचं असेल तर सकाळची वंदे भारत, दुपारपर्यंत मुंबई, हातात भरपूर वेळ. विमान दुपारचं असेल तर आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. दोन्हीत दादरला उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊन परत उलटं यायचं काही कारण नाही, दादरवरनं टॅक्सीनं विमानतळ. आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल दोनवरनं, आणि तीन तास आधी पोहोचायचंच. ट्रेन आणि विमानाच्या मध्ये सहा-सात तासांचं अंतर ठेवा, दौंडच्या पुढं गाडी कुठं थांबेल त्याचा नेम नाही. पावसाळ्यात तर सरळ आदल्या दिवशीच मुंबई गाठा, घाटात काय होईल सांगता येत नाही.

घड्याळ अडीच तास पुढं. म्हणजे आपले रात्रीचे 12 म्हणजे त्यांचे अडीच. मेट्रो साडेअकराच्या सुमाराला बंद होते, तेव्हा रात्री उशिरा उतरलात तर टॅक्सी किंवा ग्रॅब ॲपची गाडी धरावी लागते, सकाळी उतरणारं विमान मिळालं तर ते घ्या.

बॅगेत काय घालायचं नाही

हा भाग नीट वाचा, कारण सोलापूरच्या बॅगेत जे हमखास असतं त्यातलंच काही तिथं चालत नाही.

मावा, गुटखा, तंबाखू, खायची कुठलीच तंबाखू चालत नाही. बंदीच आहे. पुडी विसरून खिशात राहिली असं चालत नाही, मुंबईतच खिसे झटकून घ्या. व्हेप म्हणजे ई-सिगारेट बंद. सिगारेट एक पाकीट पण ड्युटी फ्री नाही, डिक्लेअर करून कर भरावा लागतो. च्युइंगगम 1992 पासून नेता येत नाही, विमानात कान दडपतात म्हणून घेतलेलं पाकीट तिथं उतरायच्या आधी टाकून द्या. भांग-गांजाचं तर नावच नको, तिथं अंमली पदार्थांच्या तस्करीला फाशी आहे आणि ती खरोखर होते.

आता खरी गोष्ट. खसखस. हो, खसखस! अफूच्या झाडाचं बी म्हणून सिंगापुरात त्यावर बंदी आहे, आणि आपल्या अनारशावर खसखस, करंजीच्या सारणात खसखस, काळ्या मसाल्यात खसखस. दिवाळीचा डबा नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, आईला आधीच सांगा. शेंगा चटणी मजेत न्या, कडक भाकरी न्या, लाडू-चिवडा न्या, काही अडचण नाही. मटण-चिकनचं काही, लोणचं असलं तरी, नेऊ नका, आपल्या देशातनं मांस नेता येत नाही.

औषधं: रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हँडबॅगेत. झोपेच्या गोळ्या आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांना आधी तिथल्या हेल्थ सायन्सेस अथॉरिटीची परवानगी लागते, ऑनलाइन मिळते, पण मागावी लागते.

पॉवर बँक हँडबॅगेतच. तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा, आपला बसत नाही, अडॅप्टर इथूनच घेऊन जा, तिथं तिप्पट पडतो.

पैसे, सिम, राहायचं

सिंगापूर डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास असतो. थोडे डॉलर रोख, माणशी शंभर-दीडशे, आणि बाकी फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन भरलेलं कार्ड. रोख लागतेच कारण खाण्याच्या स्टॉलवर बऱ्याच ठिकाणी एक तर रोख नाहीतर त्यांचा स्थानिक क्यूआर. आपल्या यूपीआयवर विसंबू नका. रुपये घेऊन गेलात तर लिटल इंडियात बदलून मिळतात, विमानतळापेक्षा बऱ्या भावानं.

सिम चांगीला उतरल्यावर टूरिस्ट सिम घ्या किंवा इथूनच ई-सिम टाकून जा. घरात चार फोन असले तर दोघांना डेटा पुरतो.

राहायला लिटल इंडिया, लॅव्हेंडर, बुगिस हा पट्टा बघा. खोल्या लहान असतात, म्हणजे दोन बॅगा उघडल्या की चालायला जागा नाही, त्यानं नाराज होऊ नका, सिंगापुरात जागाच महाग. कोणाचा तरी फ्लॅट दोन-चार दिवसांसाठी स्वस्तात मिळतोय असं दिसलं तरी घेऊ नका, तिथं खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीला भाड्यानं देणं बेकायदेशीर आहे. हॉटेल मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांच्या आत असावं एवढी एकच अट धरा, बाकी स्विमिंग पूल वगैरे विसरा, तुम्ही हॉटेलात फक्त झोपायला येणार आहात.

शहरात फिरायचं कसं

मेट्रो आणि बस, दुसरं काही लागत नाही. तिथल्या मेट्रोला सगळे एमआरटी म्हणतात. तुमचं व्हिसा-मास्टरकार्डचं टॅप होणारं कार्ड गेटला लावलं की झालं, फक्त निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही चालू करा. परदेशी कार्डाला वापराच्या दिवशी थोडी जास्तीची फी लागते, त्यामुळं पाच दिवस राहणार असाल तर स्टेशनवर किंवा सेव्हन इलेव्हनमध्ये ईझी लिंक कार्ड घेऊन त्यात पैसे भरा. एका कार्डावर एकच माणूस, घरच्या चौघांना एका कार्डावर आत सोडत नाही. 90 सेंटिमीटरच्या आतलं पोरगं मोठ्यांबरोबर फुकट.

बसमध्ये चढताना टॅप, उतरताना पण टॅप. उतरताना विसरलात तर शेवटच्या स्टॉपपर्यंतचे पैसे कापतात. मेट्रोत खायचं-प्यायचं नाही, पाण्याचा घोट पण नाही, 500 डॉलर दंडाची पाटी डब्यात लावलेलीच असते. सरकत्या जिन्यावर डावीकडं उभं राहायचं, उजवी बाजू घाईवाल्यांसाठी मोकळी. पहिल्या दिवशी मागनं दोन-तीन जण एक्सक्यूज मी म्हणतात, मग आपोआप सवय होते.

घोषणा चार भाषांत होतात, इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ. सोलापूरच्या माणसाला याचं काही वाटत नाही, आपल्याकडं पण एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी ऐकू येतंच की.

आता बंदर

इथं माझं खरं सांगायचं सुरू होतंय. बंदर एका जागी नाही आणि कंटेनर टर्मिनलच्या आत टूरिस्टला सोडत नाहीत, म्हणून ते तुकड्या-तुकड्यात, जुन्यापासून नव्याकडं असं बघायचं. पाचातले दोन दिवस याला द्या.

पहिल्या दिवशी सुरुवात नदीपासून. रॅफल्स प्लेस स्टेशनला उतरा आणि ‘बोट की’ नावाच्या नदीकाठच्या जुन्या धक्क्याकडं चालत जा. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॅफल्स इथं 1819 च्या जानेवारीत उतरला, त्यानं हे फ्री पोर्ट केलं म्हणजे मालावर जकात नाही, आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असल्यामुळं भारताकडनं येणारी आणि चीनकडनं येणारी गलबतं दोन्ही इथं येऊन टेकायला लागली, वाऱ्याची दिशा बदलेपर्यंत थांबायचं, तोपर्यंत व्यापार करायचा. मोठी जहाजं बाहेर उभी राहायची आणि त्यातला माल छोट्या पडावांतनं या नदीत यायचा, हमाल पाठीवर पोती घेऊन फळीवरनं गोदामात न्यायचे. आज त्याच गोदामांत हॉटेलं आणि बार आहेत. बाहेर खुर्च्या टाकून मेन्यू हातात देणारे लोक उभे असतात, त्यांना हसून पुढं निघायचं, फार महाग आहे.

नदीकाठानं ब्राँझचे पुतळे आहेत, हमाल, व्यापारी, तमिळ चेट्टियार सावकार, आणि पाण्यात उडी मारणारी उघडी पोरं. ही नदी सत्तरच्या दशकात गटार झाली होती, 1977 ते 1987 अशी दहा वर्षं घालवून त्यांनी ती साफ केली, डुकरांची खुराडी, पडाव, रस्त्यावरचे खाण्याचे गाडे सगळं हलवलं. काठावर कॅव्हेना पूल लागेल, 1869 चा, सुएझ कालवा उघडला तेच वर्ष, त्या कालव्यानंच या बंदराचं नशीब फिरलं. पुलाच्या तोंडाला जुनी पाटी आहे की गुरं आणि घोडे पुलावर आणायचे नाहीत, फोटो काढा.

पूल ओलांडला की एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम. तिकीट आहे पण हे चुकवू नका. 1998 साली इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं बुडालेलं जहाज सापडलं, त्यातली चिनी मातीची भांडी साठ हजारांच्या वर निघाली आणि त्यातली काही इथं मांडलीत, वाडगेच वाडगे, रांगाच्या रांगा. जहाज अरबी पद्धतीचं, खिळ्यानं ठोकलेलं नाही तर फळ्या दोरीनं शिवलेल्या. विणकरांच्या गावचा माणूस त्यापुढं जरा जास्त वेळ थांबणारच.

तिथनं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल चालत दहा मिनिटं. पांढरंशुभ्र. हे बांधलं कुणी तर भारतातनं काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनी, बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातले पण, आणि भिंतींचा गिलावा चुन्यात अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घालून केलेला. टूरवाल्या बसा इथं थांबत नाहीत.

संध्याकाळच्या आधी तेलोक आयर स्ट्रीट. आज तुम्हाला तिथं चारी बाजूला उंच बिल्डिंगा दिसतील, पण 1880 च्या दशकात भराव टाकेपर्यंत समुद्राचं पाणी या रस्त्याला लागत होतं. म्हणूनच थियान होक केंग हे समुद्रदेवीचं चिनी देऊळ इथं आहे, चीनवरनं बोटीतनं उतरलेला माणूस पहिल्यांदा इथं येऊन सुखरूप पोचलो म्हणून हात जोडायचा. आणि त्याच रस्त्यावर नागोर दर्गा, तमिळ मुसलमान खलाशी-व्यापाऱ्यांनी 1828 ते 1830 च्या दरम्यान बांधलेला, आता छोटं प्रदर्शन आहे तिथं. दोन्ही जागा फुकट. पुढं चायनाटाऊनमध्ये साउथ ब्रिज रोडवर श्री मरिअम्मन देऊळ, 1827 पासूनचं, सिंगापुरातलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ, गोपुरावर एवढ्या मूर्ती की मान दुखते. चप्पल बाहेर, गुडघे झाकलेले.

रात्री मरीना बे. पावणेआठला गार्डन्स बाय द बेच्या सुपरट्रीखाली लाइटचा शो, फुकट, फरशीवर आडवं पडून बघतात लोक, तुम्ही पण पडा. मग चालत मरीना बे सँड्सच्या पुढं या, 9 वाजता पाण्यावरचा शो, तो पण फुकट. तिथं जे समोर पाणी दिसतं त्याला सगळे समुद्र समजतात. समुद्र नाही तो! 2008 साली तोंडाशी मरीना बॅराज म्हणून धरण घातलं आणि आतलं खारं पाणी हळूहळू गोडं करून त्याचं पिण्याच्या पाण्याचं तळं केलं. शहराच्या मध्यात. मलेशियाकडनं पाणी घ्यायचा त्यांचा 1962 चा करार 2061 ला संपतो, त्याची तयारी. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावातनं गेलेल्या माणसानं त्या बॅराजवर पण एक चक्कर मारावी, वर गवताचं छप्पर आहे, लोक पतंग उडवतात, एका बाजूला गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूला समुद्रात नांगरलेली जहाजं. नळाचं पाणी थेट पितात तिथं, बाटली विकत घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी खरं बंदर. सकाळी लाल लाइनच्या अगदी शेवटच्या स्टेशनला जा, मरीना साउथ पिअर. धक्क्यावरच मेरिटाइम गॅलरी आहे, फुकट, सोमवारी बंद. अर्धा तास पुरतो. मग खालनं सेंट जॉन्स आणि कुसू बेटांना फेरी जाते, जाऊन-येऊन पंधरा डॉलरच्या आसपास. ही बोट नांगरलेल्या जहाजांच्या बाजूनंच जाते. टँकर, कंटेनर जहाजं, तेल भरणाऱ्या बार्जेस. कुठल्याही वेळी हजारभर जहाजं या बंदरात असतात आणि दर दोन-तीन मिनिटांनी एखादं येतं नाहीतर जातं. जहाजात इंधन भरायचं जगातलं सगळ्यात मोठं ठिकाण पण हेच. कंटेनर बहुतेक सिंगापूरसाठी नसतातच, एका जहाजावरनं उतरवून दुसऱ्यावर चढवायचे आणि पुढं पाठवायचे, आपल्या कुर्डुवाडी जंक्शनला लोक गाडी बदलायचे तसं. आपले सोलापूरचे टॉवेल न्हावाशेवातनं निघतात, पुढं कुठं कुठं गाडी बदलतात कोण बघतंय.

सेंट जॉन्स बेटावर खायला काही मिळत नाही, तेव्हा डबा आणि पाणी बरोबर, कडक भाकरी-चटणी इथं उपयोगाला येते. तिथनं चालत लाझारस बेटावर जाता येतं, बीच शांत आणि स्वच्छ. फेऱ्या आठवड्याच्या मधल्या दिवशी कमी असतात, शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर फोटो काढून ठेवा, चुकली तर दुसरी सोय नाही.

दुपारनंतर हार्बरफ्रंट स्टेशन. तिथल्या विवोसिटी मॉलच्या गच्चीवरनं केपेल हार्बर समोर दिसतं. मग मारांग ट्रेलच्या पायऱ्या चढून माउंट फेबर टेकडी, वीस मिनिटं दम लागतो, पण वरनं एकीकडं शहर आणि दुसरीकडं बंदर. केबल कार हवीच असेल तर इथनं घ्या, 1974 पासून चालू आहे आणि बंदराच्या डोक्यावरनं सेंटोसा बेटाला जाते, महाग आहे पण वर बसल्यावर खाली क्रूझ जहाज दिसलं की पैसे आठवत नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर विवोसिटीतनं बोर्डवॉकवरनं चालत सेंटोसात जा, फुकट. सेंटोसाच्या सिलोसो बीचवर पोहण्यात काही राम नाही असं माझं मत, वाळू आणून टाकलेली आहे, पण वाळूत बसून क्षितिजावरची जहाजांची रांग मोजत बसायला झकास.

एक सांगतो, शहराजवळची ही टर्मिनल कायमची नाहीत. सगळं पश्चिमेला तुआस म्हणून नवीन बंदर बांधतायत तिथं चाललंय, 2022 ला त्याचं उद्घाटन झालं, 2040 च्या दशकात पूर्ण होईल. शहरातल्या जुन्या धक्क्यांच्या जागी घरं आणि ऑफिसं होणार. तेव्हा टेकडीवरनं क्रेन बघायच्या तर आत्ताच.

खायचं काय

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली शंभरएक स्टॉल, 2020 साली युनेस्कोनं त्याला वारशाच्या यादीत घातलं. मॅक्सवेल, लाऊ पा सात, लिटल इंडियातलं टेक्का. पाच-सहा डॉलरमध्ये पोट भरतं. आधी जागा धरायची, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल धरलेलं समजायचं, ते कोणी उचलत नाही, तुम्ही पण कोणाचं उचलू नका. खाल्ल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नाही ठेवला तर दंड आहे.

नॉनव्हेजवाल्यांना सांगायलाच नको, चिकन राइस, साते, लक्सा, खा भरपूर. शाकाहारी लोकांनी मात्र सावध. नो मीट म्हटलं की त्यांच्या डोक्यात फक्त मटण-चिकन जातं, झिंग्याची पेस्ट, माशाचा सॉस, डुकराची चरबी हे त्यांना मीट वाटत नाही. रोजक नावाचं फळांचं सॅलड दिसतं त्यात पण झिंग्याची पेस्ट असते. प्राटा म्हणजे आपल्या पराठ्याचा तिकडचा भाऊ, मस्त लागतो, पण बरोबरची करी बहुतेक माशाची असते, डाळ मागून घ्या. बिनधास्त शाकाहारी पाहिजे तर सेरंगून रोडवर कोमला विलास, 1947 पासूनचं, डोसा आणि केळीच्या पानावर जेवण. चिनी शाकाहारी स्टॉल पण असतात, पण तिथं सोयाचं असं हुबेहूब मटण करतात की आमच्याकडच्या माळकरी मंडळींनी ताट बाजूला सारलं होतं.

चहा-कॉफी: कोपी म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घालून गोड कॉफी येते, कोपी ओ म्हणजे बिनदुधाची, कोसोंग म्हटलं की बिनसाखरेची. शुगरवाल्यांनी हा शब्द पाठ करा. चहाला तेह.

बाकीचं भराभर

उरलेल्या तीन दिवसांत पोरं असतील तर एक दिवस युनिव्हर्सल, तो अख्खा दिवस खातो. मंडाईची झू, नाईट सफारी, बर्ड पॅराडाइज शहरापासून लांब आहेत, सगळं एका दिवसात कोंबू नका, एक निवडा. गार्डन्स बाय द बेचे काचेचे दोन डोम तिकिटाचे, त्यातला क्लाउड फॉरेस्ट बघा, आत 35 मीटरचा धबधबा आहे. बोटॅनिक गार्डन फुकट, 2015 पासून युनेस्कोच्या यादीत, सकाळी सातला जा.

माझ्या मनानं विचाराल तर एक सकाळ पुलाऊ उबीन बेटाला द्या. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरनं लाकडी बोट, बारा माणसं जमली की सुटते, अगदी आपल्या वडाप जीपसारखी, माणशी 4 डॉलर रोख. पलीकडं सायकल भाड्यानं घ्यायची आणि पन्नास वर्षांपूर्वीचं सिंगापूर बघायचं, पत्र्याची घरं, नारळ, रानडुकरं. रानडुकरांना खायला घालू नका.

मुस्तफा खरेदीला ठीक आहे, चॉकलेट आणि परफ्यूम घ्या, पण एक तासाची मर्यादा घालून आत जा.

निघताना

एका दुकानात 100 डॉलरच्या वर खरेदी असेल तर 9 टक्के जीएसटीमधला मोठा भाग परत मिळतो. खरेदी करताना पासपोर्ट दाखवून टूरिस्ट रिफंड करून मागायचा, बिलं जपून ठेवायची, आणि चांगीला बॅगा चेक-इन करायच्या आधी रिफंडच्या मशीनवर पासपोर्ट स्कॅन करायचा, कारण कधी कधी ते वस्तू दाखवा म्हणतात आणि तोपर्यंत बॅग आत गेलेली असते.

विमानतळावर चार तास आधी पोहोचा, उशीर होईल म्हणून नाही तर ज्वेल नावाचा मॉल बघायला. टर्मिनल एकला लागून आहे, आत 40 मीटरचा धबधबा छतातनं पडतो, 2019 ला झालंय. हे इमिग्रेशनच्या बाहेर आहे, एकदा आत गेलात की परत येता येत नाही, म्हणून आधी ज्वेल, मग आत. बॅगा ठेवायची सोय तिथंच आहे.

परतीचं विमान मुंबईला मध्यरात्री उतरत असेल तर रात्रीची कुठलीच गाडी धरता येत नाही, विमानतळाजवळ कुठंतरी झोपा आणि दुपारी सुटणारी वंदे भारत घ्या, रात्री जेवायच्या वेळेच्या जरा पुढं सोलापूर. वंदे भारत आठवड्यातनं एक दिवस धावत नाही, तो दिवस बघूनच विमानाची तारीख धरा, आणि सिद्धेश्वरनं येणार असाल तर रिझर्व्हेशन विमानाच्या तिकिटाबरोबरच करून टाका, सुट्टीच्या दिवसांत ती गाडी वेटिंगवरनं हलत नाही.